हिरवा हापसा, लाल हापसा

१९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने बांगलादेशाच्या खेड्यांत हापसे बसले, ते पटकी-हगवणीतून मुले वाचावीत म्हणून. तळ्याचे पाणी जंतूंनी भरलेले, जमिनीखालचे नितळ. तेव्हा खालचे ते शुद्धच, असे धरून चालले. चूक हापसे बसवण्यात नव्हती, या गृहीतात होती. शुद्ध म्हणजे जंतुविरहित, एवढेच मानले की तपासणीही तेवढ्यावरच थांबते. गाळातल्या लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले आर्सेनिक प्राणवायू नसलेल्या थरांत सुटून पाण्यात उतरते. त्याला ना रंग, ना वास, ना चव.

हे तेव्हा कोणाला ठाऊक होते, असा बचाव केला जातो. सत्तरच्या दशकापुरता तो मान्य. पण १९८३च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधल्या रुग्णांच्या अंगावरचे काळे ठिपके आणि तळहातांवरच्या कडक गाठी आर्सेनिकच्या असल्याचे ओळखले होते. गंगेचा गाळ काही सरहद्द पाहून साचत नाही. तरी १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशातल्या कूपनलिका तपासल्या, तेव्हा यादीत आर्सेनिक नव्हतेच. वर्षभरात ते चापाई नवाबगंजला सापडले. या तपासणीवरून झालेला भरपाईचा दावा ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००६ मध्ये फेटाळला. कायद्याच्या नजरेतून सुटलेली हयगय इतिहासाच्या नजरेतून सुटत नाही.

मग हापसेच बंद करावेत का? तसे केले तर हगवण परत येते. शिवाय एका हापशाला विष आणि शेजारच्याला चांगले पाणी, असेही तिथे सर्रास आढळते. म्हणून प्रत्येक हापसा वेगळा तपासणे भाग होते. पाण्यात आम्ल आणि जस्त घालायचे, उठणारा वायू बाटलीच्या तोंडावरच्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदाला पिवळा ते तपकिरी डाग पाडतो, तो रंगपट्टीशी ताडून पाहायचा. १९९९ ते २००६ या काळात अशा तपासणी-संचांनी सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या. सुमारे २९ टक्के दूषित निघाल्या. दूषित हापशाला लाल रंग, बाकीच्यांना हिरवा. ही कसोटी ढोबळ होती, सीमेवरच्या आकड्यांत ती चुकते, हा आक्षेप खराच. पण प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहणारे घर तोवर तेच पाणी पिणार होते. मला खरा दोष दिसतो तो सीमारेषेत. हिरवा रंग लिटरला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत दिला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र १९९३ मध्येच ही मर्यादा १० वर आणली होती.