प्रकाशगतिक जंतुनाशक उपचार : मधुमेही पायाच्या जखमा

जंतुसंसर्ग झालेल्या जखमेवर प्रकाशसंवेदी द्रव्य लावून त्यावर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकण्याची स्थानिक उपचारपद्धती. ॲक्रिडीन हे रंजक व प्रकाश यांच्या संयोगाने पॅरामिशियम हा एकपेशीय जीव मरतो, हे ओस्कार राब यांनी १९०० मध्ये म्यूनिक येथे दाखवले. मेथिलीन ब्ल्यू किंवा झिंक थॅलोसायनीनची संयुगे लाल प्रकाश शोषून भोवतालच्या ऑक्सिजनला अतिक्रियाशील सिंगलेट रूप देतात. तो जंतूंचे पटल, प्रथिने व डीएनए यांवर एकदमच घाला घालतो. म्हणून प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतूही मरतात. रक्तपुरवठा खालावलेल्या पायात पोटातून घेतलेले औषध जखमेपर्यंत अपुरे पोहोचते, तिथे या पद्धतीचे मोल विशेष. मात्र प्रकाश काही मिलिमीटरच आत शिरतो. हाडात संसर्ग असल्यास शस्त्रक्रिया व प्रतिजैविके टाळता येत नाहीत. मृत ऊतक काढणे, पायावरचा भार हटवणे व साखर आटोक्यात ठेवणे तर नेहमीच आवश्यक.