एक आरोपी, एक कलम आणि पाच न्यायमूर्ती

न्यायाधीश म्हटला की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. पेशव्याला दोषी ठरविणारा हा पुरुष वंदनीय खराच. पण न्यायाचा रोजचा कारभार केवळ रामशास्त्र्यांच्या भरवशावर चालत नाही. न्यायासनाचे बळ आणि त्याचा दुबळेपणा ही दोन्ही पाहावयाची असतील, तर लोकमान्य टिळकांवरील खटल्यांकडे वळावे. आरोपी एक, मुंबईचे उच्च न्यायालय एक, वाद राजद्रोहाच्या १२४-अ या एकाच कलमाचा. न्यायमूर्ती मात्र निरनिराळे.

१८९७ साली रँडच्या खुनाने सरकार बिथरले होते. 'केसरी'तील मजकुरावरून टिळकांना अटक झाली. एकदा नामंजूर झालेला जामिनाचा अर्ज बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा मांडला आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. त्या दिवसांत हे लहानसहान धैर्य नव्हते. पुढे खटला न्या. स्ट्रेची यांच्यापुढे चालला. सरकारविषयी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ त्यांनी ज्यूरीला सांगितला. परक्या सरकारवर प्रीती नसणे हाच गुन्हा, तर मग निर्दोष उरतो कोण? सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी पंचांनी निर्दोष. शिक्षा झाली अठरा महिन्यांची.

१९०८ साली टिळक पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. आता न्यायासनावर होते तेच दावर! जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले. दावरांनी कारणांची चर्चा न करताच अर्ज फेटाळला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविले. शिक्षा सुनावताना टिळकांच्या मनालाच रोगट म्हणण्यापर्यंत न्यायमूर्तींची मजल गेली, आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

यावरून कोणी म्हणेल, दोष परक्या राज्याचा. तो होताच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. दावर हिंदी होते. उलट १९१६ साली स्वराज्यावरील भाषणांबद्दल टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचे जामीन मागणारा हुकूम उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा तो रद्द करणाऱ्या दोघांत न्या. लल्लुभाई शहा यांच्याबरोबर न्या. बॅचलर हे इंग्रज होते. सुटी वाक्ये न वेचता त्यांनी भाषणे समग्र वाचली, एवढेच त्यांनी केले. पण न्याय बहुधा एवढ्याशा गोष्टीतच असतो.

न्यायाधीशाचे बळ हेच की, एका शब्दाचा अर्थ नीट लावून तो माणसाला मोकळा करू शकतो. त्याचा दुबळेपणाही तिथेच आहे. बाहेर पसरलेली भीती त्याच्याही श्वासात शिरते आणि तोच शब्द बेडी होतो. म्हणून कारणे उघड सांगण्याचे बंधन हवे, वर दाद मागण्याची वाट हवी, निर्भय वकीलवर्ग हवा. आणि निकाल वाचणारे, त्यावर बोलणारे जागे नागरिकही हवेत.

१९०८ चा निकाल ऐकून टिळकांनी काढलेले उद्गार त्याच न्यायालयात शिलालेखावर कोरले गेले. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याचे अनावरण केले. न्यायासनाने आपल्याच निकालाची अशी आठवण भिंतीवर ठेवावी, यात त्याचा कमीपणा नाही. पण आरोपीला मंडालेत काढावी लागलेली सहा वर्षे कोणत्याही शिलालेखाने परत मिळत नाहीत.