पिंगळीच्या वाट्याच्या चार जर्सी

पिंगळेश्वराचं मंदिर आणि जुनी बारव यांसाठी ओळखलं जाणारं पिंगळी हे परभणी–पूर्णा लोहमार्गावरचं गाव. या मार्गाचं एक टोक सिकंदराबादला, दुसरं मनमाडला. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची मराठवाड्यातली वंशावळ मांडायची, तर ती या रुळांच्या दोन्ही दिशांना शोधावी लागते.

मूळपुरुष मात्र सातासमुद्रापलीकडचा. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात पोरांना आत खेळता यावं म्हणून हा खेळ रचला. पीचच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग 3.05 मीटरवरच असते. वायएमसीएमार्फत खेळ भारतात आला. 1920 साली हॅरी बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली आणि तिथे तयार झालेल्या शिक्षकांबरोबर तो शाळा-कॉलेजांत पसरला. मुंबईत नागपाड्याने तो आपलासा केला. भारतीय संघाचे कर्णधार झालेले अब्बास मुंतसिर याच वस्तीचे.

त्या काळी परभणी निजामाच्या राज्यात. राज्याचं विद्यापीठ एकच, 1918 साली हैदराबादेत निघालेलं उस्मानिया, आणि शिक्षणाचं माध्यम उर्दू. पिंगळीच्या मुलाला विद्यापीठाची जर्सी घालायची, तर आधी घर सोडायचं, परक्या भाषेत शिकायचं आणि मग अख्ख्या संस्थानातल्या मुलांशी स्पर्धा करायची. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 23 ऑगस्ट 1958 ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. जर्सीची दिशा बदलली. आता गाडी मनमाडकडची धरायची.

18 मे 1972 ला परभणीतच कृषी विद्यापीठ स्थापन झालं. शेतीचं शिक्षण घेणाऱ्याला तिसरी जर्सी हाकेच्या अंतरावर मिळाली. 17 सप्टेंबर 1994 ला, मुक्तिदिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं आणि परभणी जिल्हा त्याच्याकडे गेला. ही चौथी.

बास्केटबॉलच्या संघात 12 जण. मराठवाड्यातल्या या तीन विद्यापीठांचे मिळून 36 होतात. हैदराबादचा मुक्तिसंग्राम आणि मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळावं म्हणून झालेली चळवळ यांचं हेही एक फलित आहे. जागा वाढल्या आणि जवळ आल्या, तेव्हा खेड्यातल्या पोराची त्या यादीत नाव येण्याची शक्यता वाढली. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, मग निवड चाचणी, सराव शिबिर आणि शेवटी पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी ही शिडी. तिच्यावर चढलेला मुलगा ‘कलर होल्डर’ म्हणून ओळखला जातो आणि त्याचा ब्लेझर घरात जपून ठेवला जातो.

पण या शिडीची पहिली पायरी जमिनीत रोवलेली असते, आणि इथली जमीन काळी आहे. कबड्डी, खो-खोला चार टोपल्या बारीक माती टाकली की मैदान तयार होतं. बास्केटबॉलला चेंडू हाताशी परत यावा लागतो. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्यावर चेंडू टप्पा घेत नाही, घेतला तर वाकडा जातो. खाली मुरूम नीट दाबला नाही, तर वरचं सिमेंटही तडकतं. 28 बाय 15 मीटरचं पक्कं कोर्ट म्हणूनच शहरातल्या कॉलेजाच्या आवारात अडकून राहिलं. लहानपणी ड्रिबल न केलेला मुलगा अठराव्या वर्षी निवड चाचणीला उभा राहतो, तेव्हा त्याची उंची आणि दम असूनही शहरातला मुलगा पुढे निघून जातो.

पक्कं कोर्ट म्हणजे बंदिस्त हॉल नव्हे; खुल्या मैदानाची लाज बाळगायचं कारण नाही. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला तो उघड्यावर, मातीच्या कोर्टवर. अंतिम सामना पावसात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला 19–8 असं हरवलं. चिखलात चेंडू उसळेना, म्हणून गुण इतके कमी. छत नसलं तरी चालतं, टणक जमीन मात्र हवीच, हे त्या आकड्यातच दिसतं.

उस्मानियापासून नांदेडपर्यंत विद्यापीठ तीन पिढ्यांत पिंगळीच्या जवळ येत गेलं, कारण त्यासाठी माणसं भांडली. आता तोच आग्रह कोर्टसाठी धरायला हवा. जिल्हा परिषदेच्या मोठ्या शाळांत मुरूम दाबून केलेलं एक पक्कं कोर्ट आणि दोन रिंग द्या. पाचवीतल्या पोरांच्या हातात चेंडू येऊ द्या. विद्यापीठाच्या संघाची पुढची पिढी तिथेच घडणार आहे.