आहारातील नायट्रेट व नायट्राइट : मोजमाप आणि त्याचा अर्थ

नायट्रेट आणि नायट्राइट ही नायट्रोजन व ऑक्सिजन यांची संयुगे होत. जमिनीतून वनस्पती नायट्रेट शोषून घेतात. म्हणून पालक, मुळा, बीट, तांबडी भाजी यांसारख्या भाज्यांत ते विपुल असते. खतांच्या व सांडपाण्याच्या पाझरामुळे ते विहिरींत उतरते. प्रक्रिया केलेल्या मांसात मात्र जंतूंची वाढ रोखण्यासाठी आणि मांसाचा लालसर रंग टिकवण्यासाठी ते मुद्दाम घातले जाते. मनुष्याच्या पोटात रोज यांपैकी किती जाते, हे ठरवणे दिसते तितके सोपे नाही.

मोजमापाची गरज

१९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी काही तान्ह्या बाळांची त्वचा निळसर पडण्याचा संबंध विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटशी जोडला. नायट्रेटपासून बनलेले नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि मग ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. सहा महिन्यांखालील बाळांना हा धोका अधिक असतो. दुसरी शंका कर्करोगाची आहे. नायट्राइट आणि प्रथिनांतील अमाइन यांच्या संयोगातून शरीरात नायट्रोसामाइन तयार होऊ शकतात.

मोजण्याच्या पद्धती

पहिली पायरी म्हणजे माणसाने काय व किती खाल्ले याची नोंद. त्यासाठी गेल्या चोवीस तासांची आठवण विचारणे, वर्षभरातील खाण्याच्या वारंवारतेची प्रश्नावली भरून घेणे किंवा प्रत्येक पदार्थ वजन करून लिहून ठेवणे असे मार्ग आहेत. या नोंदींचा नंतर पदार्थनिहाय नायट्रेटच्या तक्त्यांशी गुणाकार केला जातो. अडचण येथेच येते. एकाच जातीच्या पालकाच्या दोन जुड्यांत खत, ऊन, ऋतू व साठवण यांनुसार अनेक पटींचा फरक असू शकतो. शिवाय भाजी उकळून पाणी फेकून दिल्यास बरेचसे नायट्रेट त्याबरोबर निघून जाते. स्वयंपाकाची रीत न विचारता काढलेला आकडा त्यामुळे फसवा ठरतो.

अधिक विश्वासार्ह, पण खर्चिक मार्ग म्हणजे जेवणाचे जुळे ताट. माणूस जे खातो त्याचीच दुसरी प्रत प्रयोगशाळेत तपासली जाते. तिसरा मार्ग लघवीचा. सेवन केलेल्या नायट्रेटपैकी सुमारे ६० ते ७० टक्के भाग एका दिवसात लघवीवाटे बाहेर पडतो. मात्र शरीर स्वतःही नायट्रेट बनवते, तो भाग वजा करावा लागतो.

एककांचा घोळ

अहवाल वाचताना ‘नायट्रेट’ की ‘नायट्रेटमधील नायट्रोजन’ हे आधी पाहावे. नायट्रोजन म्हणून दिलेले १० मिलिग्रॅम म्हणजे नायट्रेट म्हणून सुमारे ४४ मिलिग्रॅम. हा भेद विसरला तर सुरक्षित पाणी धोकादायक आणि धोकादायक पाणी सुरक्षित वाटू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा ५० आहे.

एक हिशेब

दररोज आयुष्यभर घेण्यास स्वीकार्य मानलेली मात्रा शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे नायट्रेटसाठी ३.७ आणि नायट्राइटसाठी ०.०७ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसासाठी ती अनुक्रमे २२२ व ४.२ मिलिग्रॅम होते. किलोमागे २००० मिलिग्रॅम नायट्रेट असलेला १०० ग्रॅम पालक खाल्ला तर २०० मिलिग्रॅम मिळते. मर्यादेच्या काठावरचे दोन लिटर पाणी त्यात ९० मिलिग्रॅमची भर घालते. बेरीज २९० होते, म्हणजे मर्यादा ओलांडली जाते.

शिवाय खाल्लेल्या नायट्रेटचा सुमारे चौथा हिस्सा लाळेत येतो आणि त्यातील काही भागाचे तोंडातील जिवाणू नायट्राइट बनवतात. म्हणून केवळ ताटातले नायट्राइट मोजून चालत नाही.

आकड्याचा अर्थ

मग पालक सोडावा काय? तसे मुळीच नाही. भाज्यांत नायट्रेटसोबत क जीवनसत्त्व व इतर संरक्षक घटक असतात आणि ते नायट्रोसामाइन बनण्यास अडथळा आणतात. शिवाय नायट्रेटपासून बनणारे नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या शिथिल करते. डेन्मार्कमधील पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात भाज्यांतून मध्यम प्रमाणात नायट्रेट घेणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. उलट, प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली जाहीर केले. म्हणून अलीकडील अभ्यासांत भाजी, पाणी व मांस यांचे नायट्रेट वेगवेगळे मोजले जाते.

घरापुरते सांगायचे तर विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि बाळाचे दूध तयार करण्यापूर्वी ती अवश्य करावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटत गेल्यास त्याचे प्रमाण उलट वाढते.