आधी आत कोण उतरतं?

चौदा एप्रिल म्हटलं की आपल्याला दुसरं काही सुचत नाही. निळे झेंडे, बँड, पोरांच्या अंगावर नवे कपडे. त्याच दिवशी भायखळ्याच्या बंबखान्यात वेगळी सलामी चालू असते. देशभर तो अग्निशमन सेवा दिन. का, ते आपल्या वस्तीत फार जणांना ठाऊक नसतं. मलाही पुष्कळ उशिरा कळलं.

१४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांना त्या दिवशी ५३ वर्षं पुरी झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खातं सांभाळत होते. महायुद्ध चालू होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज लागलेलं. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, आणि त्याच पोटात कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. शिवाय सोन्याच्या विटा. कापूस आणि दारू शेजारी ठेवू नये हे कडब्याची गंजी रचणाऱ्या गड्यालाही कळतं. पण युद्धाची घाई. जागा दिसली की माल कोंबला. धोक्याचा लाल बावटाही जहाजावर नव्हता.

दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला. बंब धावले. ९०० टनांहून जास्त पाणी जहाजात ओतलं. धुरात आग नेमकी कुठं लागलीय ते सापडेना. आतलं पाणी उकळायला लागलं. जहाज बाहेर ओढावं का तिथंच बुडवावं, ह्याचा निकाल लागेना. साहेब बोलत राहिले, बंबवाले पाणी मारत राहिले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासानं दुसरा. पार शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद आहे.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. सरकारी हिशेबात गोदीशी संबंधित २३१ माणसं, त्यातच हे ६६, आणि बाहेरची ५०० च्या वर. कुणी एकूण आकडा १३०० पर्यंत नेतात. असं का? हमाल, पाटीवाले, वखारीच्या आडोशाला झोपणारे ह्यांची हजेरी कुठल्या वहीत होती? मेल्यावर मोजायचं तर जिवंतपणी नाव लिहिलेलं असावं लागतं. सरकारनं बातमीसुद्धा दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. इथल्या छापखान्यांना परवानगी मिळायला मे महिना उजाडला.

ते ६६ जण शूर होते, ह्यात वाद नाही. पण समोर काय जळतंय, ते फुटेल का, माणसांनी किती लांब राहावं, हे ठरवणारी शिस्तच तेव्हा नव्हती.

पुढं शिक्षण आलं. अग्निशमनाचं राष्ट्रीय कॉलेज १९५६ साली रामपूरला निघालं आणि १९५७ मध्ये नागपूरला आलं. हो, आपल्याच नागपूरला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी. नागरी संरक्षणाचं कॉलेजही १९५७ चं, तेही तिथंच. भोपाळमध्ये १९८४ साली २ डिसेंबरच्या रात्री वायू सुटला. तोंडाला ओलं फडकं धरा एवढंसुद्धा वस्तीला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले, कारखान्यात आणि कारखान्याबाहेर रंगीत तालमी आल्या. टँकरच्या पाठीवर पाटी आली. तिच्यावरचा चार आकडी नंबर वाचला की आत काय आहे ते कळतं. १०१७ म्हणजे क्लोरिन. आता जवानाला शिकवतात: धावत जाऊ नको. लांब थांब, पाटी वाच, वारा पाठीवर घे. हवेची टाकी लावल्याशिवाय पुढं पाऊल नाही. पडलेला माणूस दिसला तरी नाही.

आता गटाराकडं या.

आमच्या शेजारी एक काका होते, ठेकेदाराकडं गटारात उतरायचे. मी विचारलं, "काका, तुम्हाला काय शिकवलं हो?" म्हणाले, "शिकवायचं काय त्यात? वास जास्त आला तर वर ये म्हणाले."

गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. दहा लाख भागांत शंभर भाग झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेला वायू. त्याहून वाढला की दोन-चार श्वासांत तो आडवा. वरचा भाऊबंद हाक मारतो, उत्तर नाही, म्हणून तो उतरतो. मग तिसरा. एका भोकातून तीन प्रेतं निघतात ती अशी.

हीच ती घातक रसायनाची आपत्ती. नाव तेवढं दिलेलं नाही, कारण पहिला उतरणारा कोण, हे जातीनं आधीच ठरवलंय. २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय गटारात उतरवणं गुन्हा ठरवला. सुप्रीम कोर्टानं मरणाची भरपाई २०१४ मध्ये १० लाख सांगितली, २०२३ मध्ये ३० लाख केली. त्याच २०२३ पासूनच्या नमस्ते योजनेत ह्या कामगारांची नोंद, साधनं आणि शिक्षण लिहिलेलं आहे.

काकांच्या वेळी ह्यातलं काही नव्हतं. दोन गल्ल्या सोडून बंबखाना होता. माणूस गटारात पडला की तिथून जवान यायचे. पाठीवर हवेची टाकी, कमरेला दोर, वर दोर धरायला दोघं. नीट शिकवल्याप्रमाणं उतरायचे आणि आपलं माणूस वर काढून द्यायचे.