फटफटीची वंशावळ

आमच्या खानदेशात मोटारसायकलला मोटारसायकल म्हणायची पद्धत तशी उशिराच आली. आधीच्या पिढीसाठी ती सरसकट फटफटी. त्यातही प्रत्येक फटफटीचा आपापला मान होता. बुलेट म्हणजे फौजदार किंवा मोठा बागायतदार. राजदूत म्हणजे दूधवाला, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पहाटे गावात शिरणारा. येझदी म्हणजे तरुण ठेकेदार नाहीतर नव्याने नोकरीला लागलेला ओव्हरसियर. या तिन्हींचे मूळ युरोपात. बुलेट इंग्रजी, येझदी चेकोस्लोव्हाकियाच्या जावाची बहीण आणि राजदूत पोलंडच्या एसएचएल नावाच्या गाडीवरून घेतलेली. म्हणजे १९८० पर्यंत जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर एकही जपानी मोटारसायकल नव्हती म्हटले तरी चालेल. पुढच्या पाच-सहा वर्षांत मात्र चित्र पार पालटले.

ते कसे पालटले, हे आज लिहून ठेवावेसे वाटले त्याला कारण आहे. आमच्या घरातल्या एका भाच्याच्या वाट्याला आजोबांची यामाहा आर-एक्स १०० आली आहे आणि ती कापून तिची 'कॅफे रेसर' करायचा त्याचा विचार आहे. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो गाडी त्याची, करू द्या काय करायचे ते. दुसरा म्हणतो हात लावायचा नाही. मला दोन्ही पूर्ण पटत नाही. तेव्हा थोडे मागून सुरू करतो.

होंडा, सुझुकी आणि यामाहा या तिन्ही कंपन्या जपानच्या हामामात्सु या एकाच भागातल्या. सुझुकी मूळची कापड विणायचे माग बनवणारी, १९०९ पासूनची. अमळनेरच्या प्रताप मिलचे नाव ऐकत वाढलेल्या आपल्या मुलखाला हे जवळचे वाटावे. यामाहाची गोष्ट तर आणखी गमतीची. १८८७ साली तोराकुसु यामाहा या माणसाने एका शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, म्हणजे आपल्याकडची पेटीच समजा, आणि त्यातून वाद्यांचा कारखाना निघाला. गाडीच्या टाकीवर जे तीन काट्यांचे चिन्ह दिसते ते सूर लावायच्या चिमट्यांचे आहे. आणि सोइचिरो होंडाने युद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, लष्कराच्या वायरलेस सेटसाठी असलेली उरलीसुरली छोटी इंजिने घेऊन ती सायकलींना बसवली. म्हणजे बघा, जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटारसायकल कंपनीची सुरुवातच एका 'मॉडिफाय' केलेल्या सायकलपासून झाली!

यामाहाने पहिली मोटारसायकल काढली १९५५ साली, वायए-१. ती सरळ सरळ जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी १२५ वर बेतलेली होती आणि त्याच वर्षी तिने फुजी पर्वताच्या चढाईची शर्यत जिंकली. डीकेडब्ल्यूचा कारखाना त्शोपाऊ या गावचा. महायुद्धानंतर तो पूर्व जर्मनीत गेला आणि तिथेच एमझेड या कंपनीत वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरने टू-स्ट्रोक इंजिनाच्या सायलेन्सरवर मोठे काम केले. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर जाताना थोडे ताजे पेट्रोलही त्याच्यासोबत निसटते. सायलेन्सरचे पोट योग्य मापाचे फुगीर आणि पुढे निमुळते केले, तर आतल्या दाबाची लाट उलटी फिरून ते निसटलेले पेट्रोल परत सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ साली एमझेडचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसीचे जगज्जेतेपद मिळवले. पुढे सगळ्याच जपानी टू-स्ट्रोकांनी हे तंत्र उचलले.

आता ही शिळी गोष्ट कशाला? तर यासाठी की 'आवाज यावा म्हणून' आर-एक्सचा सायलेन्सर कापणारी पोरे नेमकी हीच लाट कापून टाकतात. आवाज वाढतो, ताकद घटते. आर-एक्सच्या त्या साध्या लांब नळकांड्याच्या आत त्शोपाऊपासून हामामात्सुपर्यंतचा सगळा प्रवास बसलेला आहे.

आपल्याकडे या गाड्या आल्या त्या सरकारी धोरणाच्या फटीतून. परदेशी कंपन्यांशी भागीदारी करायला परवानगी मिळाली, पण छोट्या, १०० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांसाठी. म्हणून तर सगळ्या एकाच मापाच्या निघाल्या. १९८४ साली होसूरहून इंड-सुझुकी एएक्स १००, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आर-एक्स १००, १९८६ मध्ये बजाजची कावासाकी केबी १००. पुण्याची कायनेटिक होंडाही ९८ सीसीचीच. याच सुमारास, १९८५ मध्ये, बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. अजिंठ्याचा घाट चढून गेले की औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. खानदेशातली किती तरी मुले आयटीआय करून तिकडे कामाला लागली. त्यामुळे आपल्या घरोघरी गाडीच्या कारखान्यातला एक तरी माणूस निघतो आणि इंजिनावर बोलण्याचा हक्क प्रत्येकालाच आहे असे आपण मानतो :-)

या १०० सीसीच्या घोळक्याबाहेरची एकच गाडी होती, राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काढलेली ही गाडी म्हणजे यामाहाची आर-डी ३५०. त्याच वर्षी 'हीरो' सिनेमात जॅकी श्रॉफ तिच्यावर दिसला आणि पोरांना वेड लागले. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. बाहेरच्या देशांत तिची ताकद ३९ हॉर्सपॉवर होती, आपल्याकडे आधी साडेतीस आणि नंतरच्या 'लो टॉर्क'मध्ये सत्तावीसच्या आसपास आली. पुढचा डिस्कब्रेक जाऊन ड्रम आला. वेग भरपूर आणि ब्रेक तोकडे! अॅव्हरेजच्या नावाने तर बोंबच. १९९० च्या सुमारास ती बंद पडली आणि बंद पडल्यावर दैवत झाली.

आर-एक्सचे तसे नव्हते. ९८ सीसी, चार गिअर, ११ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलो. सीडी १०० ने अॅव्हरेजच्या जोरावर घरातल्या वडीलधाऱ्यांना जिंकले, आर-एक्सने पोरांना. कानाला ती लांबूनच ओळखू यायची. १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आर-एक्स १०० बंद झाली. तिची थोरली भावंडे आर-एक्स १३५ वगैरे २००५ पर्यंत निघत राहिली.

गाडीत फेरफार करणे ही गोष्ट आपल्याकडे शोभेपासून नव्हे, गरजेपासून सुरू झाली. दुधाच्या कॅनसाठी मागे लोखंडी घोडी, रावेर-यावलकडे केळीच्या बागेत पाइप आणि खताची पोती न्यायला लांब कॅरिअर, कच्च्या रस्त्यासाठी जाड शॉकअप, बायकोसाठी साडीगार्ड. मग आले रेडियमचे काम. टाकीवर वाघ, मडगार्डवर 'आईचा आशीर्वाद', नंबरप्लेटवर 'दादा'. २००४ साली 'धूम' आला आणि साध्या गाड्यांना फायबरचे पत्रे चढले. आता मोबाइलवर व्हिडिओ बघून कॅफे रेसरची लाट आली आहे.

या कॅफे रेसरचा उगम १९६० च्या सुमाराच्या इंग्लंडातला. लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणारी पोरे आपल्या गाडीवरचे अनावश्यक ओझे काढायची, हँडल खाली घ्यायची, पायऱ्या मागे घ्यायची. उद्देश एकच, गुळगुळीत रस्त्यावर वाऱ्याला कमी अडत पळणे. त्यात दिसण्याला काम होते. आपल्याकडे खाली घेतलेले हँडल घेऊन जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर जाऊन या, मनगटे आणि कंबर काय ते सांगतील.

आता वळणे घेण्याचा मुद्दा, कारण जुन्या जपानी गाडीची खरी मजा तिथेच आहे. आर-एक्स पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८ अशा सडपातळ टायरांवर उभी आहे. अरुंद टायर, हलकी गाडी, त्यामुळे नुसते अंग कलवले की ती वळते. फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढताना किंवा तोरणमाळच्या वळणांवर हे चटकन कळते. त्याच गाडीला दुसऱ्या गाडीचा चिमटा आणि रुंद टायर बसवला की मागून दिसते पैलवानासारखी, पण वळताना हट्ट करते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो दोन्ही बाजूंनी चिमटला जाऊन त्याचा गोलावाच बदलतो. मागचे शॉकअप उंच केले तर पुढच्या फोर्कचा कल बदलतो आणि गाडी वेगात थरथरते. हे सगळे कोन कोणीतरी हिशेब करून ठरवलेले असतात.

एअर फिल्टरचे तसेच. तो काढून उघडा 'कोन' लावला की हवा जास्त येते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते. जेट बदलला नाही तर पिस्टन जाम. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, इंजिन वाऱ्यावर थंड होणारे. वर काळ्या मातीचा धुरळा! टू-स्ट्रोकमध्ये हवा क्रँककेसमधूनच जाते, म्हणजे धूळ बोअरबरोबर बेअरिंगही खाते. हा प्रयोग इथे तरी करू नये.

कोणाला जुनी गाडी घ्यायचीच असेल तर मी रंग शेवटी बघा म्हणेन. आधी आरसी बुक आणि चेसिस-इंजिनचे नंबर ताडून बघा. नंबर खरवडलेला वाटला तर चहा पिऊन परत या. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन हँडल सावकाश फिरवा, मधे कुठे अडकते का ते कोन-सेट सांगतो. मागचे चाक धरून आडवे हलवा, चिमट्याचे बुश कळतात. फ्रेमवर वेल्डिंगचे डाग शोधा. थंड इंजिनाला किक मारून बघा, गरम करून ठेवलेली गाडी कोणीही सुरू करून दाखवतो. इंजिन पुन्हा बांधता येते, टाकीचे पोचे निघतात, वाकलेली किंवा कापलेली चेसिस मात्र पूर्ववत होत नाही.

कायदाही बघून ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी पुन्हा पास करून घ्यावी लागते. आरटीओच्या दारात कापलेली गाडी उभी केली तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. जिची नोंदणी गेली ती गाडी कितीही देखणी असो, अंगणातले शोभेचे लोखंड.

शेवटी धुराबद्दलही बोलले पाहिजे. या गाड्या उगाच बंद झाल्या नाहीत. न जळलेले पेट्रोल आणि ऑइल आपल्याच फुप्फुसांत जात होते. त्यामुळे रोज कॉलेजला जायला आर-एक्स वापरा असे मी कोणाला म्हणणार नाही. त्यासाठी साधी स्प्लेंडर बरी. पण ज्या थोड्या उरल्यात त्या महिन्यातून चार वेळा, नीट ट्यून करून, चालल्या तर जग बुडणार नाही.

तर भाचेबुवांना माझे सांगणे एवढेच. 'हात लावू नको' असे मी म्हणत नाही. ज्याने सायकलला इंजिन बांधले त्याच्या वंशातल्या गाडीला हात लावायचा नाही हे म्हणणेच चुकीचे. आजोबांनीही त्या गाडीला कॅरिअर लावले होते, नवे शॉकअप टाकले होते. पण त्यांनी केलेला प्रत्येक बदल पाना घेऊन परत काढता येत होता. तोच नियम पाळ. चांगले टायर टाक, ब्रेक शू नवे घाल, कोन-सेट आणि बुश बदल, सीट आवडीने शिवून घे, हँडल थोडे खाली हवे तर घे. काढलेला प्रत्येक भाग कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेव. सायलेन्सर, एअर फिल्टर आणि चेसिस यांना करवत लावू नको.

म्हणजे उद्या तुझ्यानंतर जिच्या किंवा ज्याच्या हाती ती जाईल, त्यांना तुझी गाडी हवी की आजोबांची, हे ठरवायची मोकळीक उरेल.