गच्चीवरच्या खुर्च्या

रौप्यमहोत्सवासाठी 'काहीतरी इतिहास लिहा' असं चिटणीसांनी सांगितलं. कन्व्हेयन्स आणि पाण्याच्या टाकीवर इतर मंडळी लिहितीलच. मी आपल्या गच्चीवरच्या सकाळच्या योगवर्गाबद्दल लिहितो, त्यातही तिथल्या खुर्च्यांबद्दल.

वर्ग सुरू झाला तेव्हा आम्ही सात-आठ जण होतो, सगळे निवृत्त पुरुष. गुडघे कितीही कुरकुरले तरी सतरंजीवरच बसायचं, असा हट्ट. खुर्ची घेतली म्हणजे म्हातारपण कबूल केलं! मला दोनदा चक्कर आली, ती मी घरीही लपवली. तिसऱ्यांदा वृक्षासनात कोसळलो आणि मनगट मोडलं. ही आठवडाभर बोलली नाही. पडलो म्हणून नव्हे, लपवलं म्हणून.

प्लास्टरमधला हात घेऊन घरी बसलो, तेव्हा आपल्याच पुण्याचा इतिहास वाचला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली, अठरा वर्षांचे असताना, सहा महिन्यांसाठी म्हणून इथे शिकवायला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या १९६६ सालच्या 'लाइट ऑन योगा'मधले फोटो पाहिले की आपल्यासारख्याची छातीच दडपते. पण १९७९ साली, साठी गाठलेली असताना, त्यांना स्कूटरचा अपघात झाला आणि सारा सराव पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागला. खुर्ची, लोड, पट्टा, दोर, लाकडी विटा ही साधनं ते विद्यार्थ्यांना देतच होते. आता स्वतःला घ्यावी लागली. पुढे नव्वदीतही त्यांचा सराव चालू होता. २०१४ साली, ९५व्या वर्षी गेले.

एवढ्या माणसाला खुर्चीची लाज वाटली नाही, मग आम्ही कोण लागून गेलो?

शिवाय त्यात गंमत अशी, की तोल जाईल या भीतीनं आपण नकळत श्वास कोंडतो. हाताला आधार मिळाला की तो आपोआप मोकळा होतो. हे मला पुस्तकापेक्षा खुर्चीनंच जास्त पटवलं.

मग गणपतीसाठी घेतलेल्या स्टीलच्या घडीच्या खुर्च्या आम्ही वर नेल्या. कमिटीत त्यावर दोन सभा झाल्या, ते असो. पहिल्या दिवशी एकटा मीच बसलो, महिन्याभरात सगळे. सी विंगमधले आमचे एक स्नेही पत्नी गेल्यापासून कुणाशी बोलत नसत. शवासनानंतर खुर्च्या गोल मांडून चहा व्हायला लागला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. तेही साखर कमी आहे म्हणून!

लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, शेवटचा जिना चढावाच लागतो. ज्याला खुर्ची उचलवत नाही, त्याची दुसरा कुणी न विचारता नेतो. गेल्या रविवारी माझी त्यांनी नेली.